झाकून ठेवलेला चहा

कांदा काढणीला आला की आमच्या महाळुंग्याच्या हवेला एक वास सुटतो. डोळ्यांत पाणी आणणारा वास वेगळा, तो चिरलेल्या कांद्याचा. हा वास वाळत्या पातीचा, उकरलेल्या मातीचा, आणि उन्हात ओळीनं बसलेल्या बायांच्या डोक्यावरच्या घामेजल्या पदरांचा. आज सकाळी अंगणवाडीकडं निघाले आणि खालच्या तुकड्याच्या बांधावर पाय थांबले. उशीर होणार हे ठाऊक होतं. पोरांची खिचडी टाकायची होती, वजनं घ्यायची होती, मोबाईलमध्ये माहिती भरायची होती. तरी थांबले. सुनंदा वाफ्यात बसून पात कापत होती आणि तिच्यामागं वीस-पंचवीस पावलांवर शेततळ्याचं कुंपण होतं. तिची पाठ तळ्याकडं होती. ती पाठ बघायला मी थांबले होते.

येणाऱ्या-जाणाऱ्याला यात काय दिसणार? एक बाई कांदा कापतीये, एवढंच. पण दोन वर्षांपूर्वीच्या कांद्याच्या हंगामात ही बाई या तुकड्याकडं बघतसुद्धा नव्हती. घरातसुद्धा ती तळ्याच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून बसायची नाही. दरवर्षी हा वास आला की मला तो एक हंगाम पहिल्यापासून आठवतो, रोपं टाकल्यापासून पात कापेपर्यंत.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. माहेर राजुरीचं. लग्न होऊन आली तेव्हा इतकी कमी बोलायची, की मला वाटलं हिला आमचं घर पसंत नाही. मला तर बोलायला लागतं. आमचे हे म्हणतात, हिला अंगणवाडीत नोकरी लागली ते बरं झालं, तिथली पोरं ऐकता ऐकता झोपतात तरी. मी बोलायचं आणि तिनं ऐकायचं, असं आमचं छान जमून गेलं होतं. एका चुलीवर दहा वर्षं काढली आम्ही. भांडलो ते फक्त चहात आलं किती घालायचं यावरून.

त्या वर्षी दसरा झाल्यावर कांद्याची रोपं टाकली होती. शेततळं काठोकाठ भरलेलं. तळ्याला आतून जाड काळं प्लास्टिक अंथरलेलं असतं, आम्ही त्याला कागदच म्हणतो. पाण्यात राहून त्या कागदावर शेवाळ धरतं आणि तो साबणासारखा गुळगुळीत होतो. एकदा आत गेलं की चढून यायला कुठं बोट रुतत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी काठाला दोर बांधायचं काम सगळे उद्यावर टाकतात. आम्हीही टाकलं होतं.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला सुनंदा रोपांवर फवारायच्या पंपासाठी बादलीभर पाणी आणायला गेली. पाय घसरला. मोटारीचा पाइप हाताला लागला म्हणून वाचली. तो पाइप धरून ती गळ्याइतक्या पाण्यात सहा वाजेपर्यंत होती. सहाला शेतीची लाईट आली, म्हणून तिचा नवरा, आमचे दत्ताभाऊजी, मोटार चालू करायला गेले आणि त्यांना ती दिसली. त्यांच्या हाकेनं आमचे हे धावले. पाइपावरची तिची बोटं सोडवायला दोघं लागले.

मी त्या वेळी घरातच होते. घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर.

आमच्याकडं माणूस मोठ्या संकटातून वाचला की त्याला भेटायला यायची रीत आहे. रीत चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. राजुरीहून जीप भरून पाहुणे आले. गावातले आले. माझ्या माहेरचे आले. कुणी नारळ आणला, कुणी बिस्किटचे पुडे, कुणी देवाचा अंगारा. चटईवर बसायचं, पाणी प्यायचं, चहाचा पहिला घोट घ्यायचा आणि म्हणायचं, "हां, मग कसं कसं झालं?"

मग मी म्हणायची, "सांग गं सुनंदे, काकूंना सांग."

आणि ती सांगायची. चार वाक्यं. बादली, घसरले, पाइप, हे आले. तेवढ्यानं पाहुण्यांचं भागायचं नाही हे मला दिसायचं, म्हणून पुढचं मी सांगायची. पाणी किती खोल, पाइप किती जुना, लाईट त्या दिवशी अर्धा तास आधी आली ही कशी देवाची करणी. आणि माझा भाग तर मी कधी सोडलाच नाही: "मी ह्या दारातून हाक मारली, सुनंदे, चहा झालाय. दोनदा मारली. ओ आली नाही. म्हटलं, गेली असंल शेजारी शेवंताकाकूंकडं. तिचा चहा बशीनं झाकून ठेवला. रात्री बघतीये तर बाई, तो तसाच." इथं बाया हळहळायच्या. कुणीतरी डोळ्याला पदर लावायची. सुनंदा खाली बघायची आणि चटईची एक काडी सोलत राहायची.

दिवाळी धरून महिनाभर हे चाललं. तीसेक वेळा तरी तिनं ते सांगितलं असेल. मला वाटायचं, बोलल्यानं मन मोकळं होतं. मी स्वतः आयुष्यभर तसंच मोकळं केलंय.

तिचं मात्र उलटं होत चाललं. आधी ती न्हाणीत जाईना. बादलीत नळ सोडला की बाहेर यायची. मग तांब्यानं अंगावर पाणी घेणं बंद झालं, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. उजव्या हाताची मूठ आपोआप वळायची. भाकरी थापता थापता वळायची आणि पीठ तसंच हातात राहायचं. आम्ही अंगारा लावला, दृष्ट काढली, तिच्या आईनं बोललेला नवस दोनदा फेडला. तालुक्याच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती झोपायची आणि उठल्यावर जास्तच थकलेली दिसायची.

गौरी, तिची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. तिला अंघोळ मी घालायला लागले, वेण्या मी घालायला लागले, हळूहळू ती झोपायलाही माझ्याजवळ यायला लागली. मार्गशीर्षात एका गुरुवारी मी गौरीचं डोकं पुसत होते. सुनंदा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आक्का, गौरीला तुमीच ठेवा. तुमच्यापाशी ऱ्हाईल ती."

"म्हणजे काय?"

"मी जाते राजुरीला. हितं माजं काय काम न्हाई आता. लेकराच्या अंगावर पानी घालता येत न्हाई मला, मी कशाची आई."

ती रडली असती तर मी काहीतरी बोलले असते. ती रडली नाही. भाजी कोणती करायची हे विचारावं त्या आवाजात बोलली. मला तेव्हा भीती वाटली. पाण्यातून काढलेली ही बाई आमच्या डोळ्यांदेखत कुठंतरी चालली होती, आणि तिथं आमचे हात पोचत नव्हते. तिला काही करून परत आणायची, एवढं एकच त्या हंगामात माझ्या डोक्यात होतं.

उपकेंद्रातल्या सिस्टरनी सांगितलं, सरकारी दवाखान्यात बुधवारी एक मॅडम बसतात, मनाच्या. मी भाऊजींना म्हटलं, पुढच्या बुधवारी मी घेऊन जाते. ते आधीच अर्धे झाले होते, लगेच हो म्हणाले.

मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या निघाल्या. कॉटनचा पंजाबी ड्रेस, केसांना साधा रबर, पायाला धूळ. त्या डिंभ्याहून यायच्या आणि एसटीनं दगा दिला होता, म्हणून उशीर झाला होता. पण उशीर होतोय हे त्यांनी दवाखान्यात फोन करून आम्हाला कळवलं होतं. शिपायानं येऊन सांगितलं, वीस मिनिटांत येतायत. मला त्याचं नवल वाटलं. दवाखान्यात डॉक्टर येणार कधी हे पेशंटला सांगायची पद्धत मी तरी पाहिली नव्हती. पुढं एकदा त्या बोलता बोलता म्हणाल्या, "ज्याच्यावर अचानक काहीतरी कोसळलंय ना ताई, त्याला पुढं काय होणार ते आधी सांगावं. तेवढ्यानं पण अंग सैल पडतं."

त्या पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसले आणि सुरू केलं. "त्याचं असं झालं मॅडम, दसरा झाला, रोपं टाकली..."

"ताई," त्या म्हणाल्या, "काय झालं ते आज नको."

मी तोंड उघडं ठेवूनच थांबले.

"सुनंदाताईंना कधी सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील. नाही वाटलं तरी चालेल." मग तिच्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्हाला कुठं बसावंसं वाटतंय? इथं, का दाराजवळ? आणि दार लावू, का उघडं राहू दे?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. घरात कुठलीही गोष्ट मीच ठरवायची, म्हणून तिनं सवयीनं बघितलं. मी म्हणणारच होते, लावा दार, वारं येतंय. पण मॅडम नुसत्या थांबल्या होत्या. त्यांना काही घाई दिसत नव्हती. बाहेर कुणाचं तरी बाळ रडून गप्प झालं.

"दाराजवळ," सुनंदा म्हणाली. "उगडं ऱ्हाऊ द्या."

त्यांनी खुर्ची उचलून दाराजवळ ठेवली. सांगायला लाज वाटते, पण मला रागच आला. एवढ्या लांबून जीपमध्ये कोंबून घेऊन आलो, ते खुर्च्या हलवायला? परतताना मी भाऊजींना फोनवर म्हटलंसुद्धा, पोरगी आहे अजून, तिला काय कळतंय. सुनंदा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. मंचर मागं पडल्यावर ती म्हणाली, "आक्का, पुढच्या बुधवारी जायचं का?"

गेलो. मग दर बुधवारी गेलो. कांद्याची लागण झाली, रोपं धरली, माना जाड व्हायला लागल्या, आणि आमचे बुधवार चालूच होते. आत काय व्हायचं ते मला सगळं माहीत नाही, कारण तिसऱ्या खेपेपासून मॅडमनी सुनंदाला विचारलं, आक्का आत असाव्यात का बाहेर, आणि ती म्हणाली, बाहेर. मला लागलं ते. बाहेरच्या बाकावर बसून मी भिंतीवरची लसीकरणाचे तक्ते पाठ केले.

कधीकधी घरी येऊन ती थोडंसं सांगायची. पाय चपलेतून काढून जमिनीला लावायचे. हाताखाली काय आहे ते हळू म्हणायचं: लाकूड, थंड, खरखरीत. भीती आली की ती अंगात कुठं बसलीये ते बघायचं, तिला ढकलून द्यायचं नाही. एकदा भाकरी करताना तिची मूठ वळली. मी सवयीनं तिची बोटं उलगडायला गेले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का. मॅडम म्हणल्या, ह्या मुठीनं तुमाला वाचवलंय. तिला सोड म्हणायच्या आधी तेवढं तरी म्हणा." आणि तव्यावरची भाकरी करपत असताना ती आपल्याच मुठीकडं बघत रडायला लागली. पडल्यापासून पहिल्यांदा. मी तवा उतरवला आणि तिच्याशेजारी बसले. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पौषात एकदा मॅडमनी मला एकटीला आत बोलावलं. घरी भेटायला कोण येतं, काय विचारतात, असं विचारलं. मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. चटई, चहा, राजुरीची जीप. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुनंदाताई सांगत असतात तेव्हा तुम्ही त्यांच्याकडं बघता का?"

मी म्हटलं, "न्हाई. मी पाहुण्यांकडं बघते."

"सांगताना त्यांचं अंग परत त्या पाण्यात जातं," त्या म्हणाल्या. "आपण जाणं आणि कुणीतरी पाठवणं यात फरक असतो, ताई." एवढंच. आवाजात दोष नव्हता. पण जीपमध्ये मी घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. सुनंदानं दोनदा विचारलं, बरं वाटत न्हाई का.

तीस वेळा. मी तिला तीस वेळा त्या पाण्यात पाठवलं होतं, आणि वर पाहुण्यांना चहा दिला होता.

त्यानंतर आमच्या घरी कुणी भेटायला आलं की मी दारातच गाठायची. शेवंताकाकू तर चिवट. आल्या, बसल्या, घोट घेतला आणि म्हणाल्या, "काय गं सुनंदे, परत काय आठवतंय का तुला त्यातलं?" मी म्हटलं, "काकू, ते जाऊ द्या, तुमच्या गुडघ्याचं काय म्हणाला डॉक्टर?" गुडघ्यावर काकू पाऊण तास बोलल्या. त्यांच्या डाव्या गुडघ्याचा सगळा इतिहास मला तोंडपाठ आहे. माझ्यासारख्या बाईला गप्प बसायचं म्हणजे काय असतं, ते मलाच माहीत. कितीदा वाक्य जिभेवर यायचं, मी हाक मारली होती, आणि मी ते गिळून चहाची कपबशी उचलायची.

फाल्गुनात एका दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळीच्या भीतीनं भाऊजींनी अंगणातल्या गवतावर प्लास्टिकचा मोठा कागद टाकला. वारा सुटला आणि कागद फडफडायला लागला. सुनंदा हातात सूप घेऊन जागच्या जागी उभी राहिली. ओठ पांढरे. आम्ही म्हटलं, पाऊस येणार म्हणून घाबरली, पाण्याची भीती. गौरी जवळ गेली, तिनं आईच्या साडीचा काठ धरला आणि आम्हाला सांगितलं, "आईला तो आवाज नकोय."

आम्ही मोठी माणसं पाच महिने पाणी पाणी करत होतो. ती पाण्यात होती तेव्हा वाऱ्यानं काठावरचा सुटा कागद तिच्या कानाशी फडफडत होता, हे आम्हाला कुणाला सुचलंच नव्हतं. भाऊजींनी कागद काढून गोणपाट टाकलं. गौरी आईला म्हणाली, "पाय लाव जमिनीला." बुधवारचं सगळं ऐकून ठेवत होती कार्टी. सुनंदानं चपला काढल्या. त्या दिवशी पोर आईजवळ झोपली.

चैत्रात कांदा निघाला. वरच्या तुकड्यात, तळ्यापासून लांब, उपटलेला कांदा पातीखाली झाकून चार दिवस वाळवला होता आणि पात कापायला बाया लावल्या होत्या. सुनंदा आपणहून म्हणाली, मी येते. मला अंगणवाडीला सुट्टी होती. दोघी एका ओळीला बसलो. कांदा उचलायचा, बोटभर मान ठेवून पात छाटायची, कांदा पुढं टाकायचा. या कामात डोळे खाली असतात आणि हात चालू असतात. शेजारच्या माणसाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. बाकीच्या बाया पुढं निघून गेल्या होत्या.

"आक्का," ती म्हणाली, "एक सांगू?"

"सांग."

"त्या दिवशी तुमी हाक मारली ना."

माझा विळा थांबला. ती कापतच होती.

"मी ओ दिली व्हती."

तिनं पुढचा कांदा उचलला.

"दोनी वेळेला दिली. दुसऱ्या वेळेला तर नाकातोंडात पानी जाईस्तवर वरडले. तुमचं सगळं ऐकू आलं मला. चहा झालाय म्हणला ते. मग दार वाजलं ते. मला वाटलं, आता येतील. लई वेळ वाटलं, आता येतील." तिनं दोन-तीन कांदे कापून टाकले. "मंग पावण्यांम्होरं तुमी म्हणायच्या, ओ आली न्हाई. दरवेळी म्हणायच्या. मी काय बोलणार? तुमी शेजारीच बसलेल्या असायच्या. लई राग यायचा आक्का तुमचा. आन तुमीच गौरीला न्हाऊ घालायच्या, तुमीच मला जेवायला वाढायच्या. तो राग कुठं ठेवावा ते कळत नव्हतं मला."

ऊन चांगलंच वर आलं होतं. माझ्या हातात एक कांदा होता, त्याची पात मी कापली नव्हती. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं: वारा उलटा होता, काठाचा भराव उंच आहे, मला खरंच ऐकू आलं नाही, माझी काय चूक. तीस वेळा मी तेच तर सांगितलं होतं. आता कळतं, ते मी पाहुण्यांना सांगतच नव्हते. दोनदा हाक मारून मी दार लावून घेतलं होतं आणि गरम चहा प्यायला बसले होते. माझा मी न्यायनिवाडा मांडला होता, आणि तिला साक्षीदार म्हणून शेजारी बसवत होते.

"तू ओ दिली होतीस," मी म्हटलं.

"व्हय."

"मी यायला पाहिजे होतं."

तिनं पहिल्यांदा विळा खाली ठेवला. "व्हय," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. कांद्याचे हात डोळ्याला लावले म्हणून ते आणखीच वाहायला लागले, आणि मी माझ्या पदरानं पुसायला गेले तर माझेही हात कांद्याचेच. दोघींचं आंधळ्यासारखं झालं. पुढच्या ओळीतून एका बाईनं विचारलं, काय झालं गं. मी म्हटलं, कांदा लई तिखट हाये.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं. मॅडम विचारायच्या तसं, उत्तराची वाट बघत. "सुनंदे, मी आज तळ्यावर जाऊन बसणारे. आत उतरून. दोर आहे आता, काळजी नाही. चार वाजता तू मागच्या दारातून मला हाक मारशील का? नको वाटत असेल तर नको."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मारते."

तळ्यात पाणी निम्म्यावर उतरलं होतं. माझ्या अंगाचा आकार बघता दोराला धरून त्या कागदावरून उतरणं हे बघण्यासारखं असणार, बरं झालं कुणी बघितलं नाही. पाण्याजवळ जाऊन बसले. कागद तापला होता. खालून वर बघितलं तर चारी बाजूंनी काळा उतार, आणि वर आभाळाचा एक चौकोन. बाकी जग नव्हतंच. वाऱ्यानं काठावर कागदाचा एक कोपरा फड् फड् वाजत होता. पाच मिनिटांत मला तिथून पळावंसं वाटलं, आणि मी तर कोरडी होते, हातात दोर होता, सगळ्यांना ठाऊक होतं मी कुठं आहे.

मग हाक आली. "आक्का, चहा झालाय."

शेजारच्या खोलीतून मारावी इतकी स्पष्ट. कपाची किणकिणसुद्धा ऐकू आली. मी सगळा जोर लावून ओ दिली. आवाज समोरच्या कागदावर आपटून माझ्याचकडं परत आला.

"आक्का?" पुन्हा हाक आली. मी पुन्हा ओ दिली, घसा फाटेस्तोवर.

मग काहीच नाही. दार वाजलं. मी त्या पाण्याजवळ बसून राहिले आणि मला कळलं, दार वाजल्यावर तिला काय वाटलं असेल. मी तिथं बसून रडले. लहान पोरासारखी रडले, आणि तेही कुणाला ऐकू गेलं नसणार.

दोराला धरून उठायला लागले तेव्हा वर काहीतरी हललं. कुंपणाचं फाटक करकरलं. काठावर, आभाळाच्या त्या चौकोनात, सुनंदा उभी होती. पायांत चपला नव्हत्या. डावा हात कुंपणाच्या तारेवर, उजव्याची मूठ वळलेली. सहा महिन्यांत ती इथवर आली नव्हती. आता ती उभी होती, आणि खाली माझ्याकडं बघत होती.

"ओ का दिली न्हाई?" ती म्हणाली.

"दिली. दोनदा दिली."

माझ्याकडं, पाण्याकडं, घराकडं तिनं वळून बघितलं. अंतर मोजल्यासारखं.

"मला न्हाई आली ऐकू," ती हळू म्हणाली. "दारात कान देऊन हुबी व्हते आक्का. खरंच न्हाई आली." मग तिचा चेहरा हलला. "तुमालाबी नव्हती आली."

"नव्हती आली. पण तू आलीस."

तिनं दोराचं वरचं टोक दोन्ही हातांनी धरलं. त्यासाठी तिला मूठ उघडावी लागली. मी वर चढले. काठावर दोघी धापा टाकत बसलो, तिचे अनवाणी पाय मातीत रुतलेले. ती हळू हळू म्हणत होती, माती, गरम, ढेकूळ. मीही म्हटलं. माती, गरम, ढेकूळ.

ती राजुरीला गेली नाही. बुधवार अजून आहेत, आता महिन्यातून एक. मॅडमना मी ते तळ्याचं सांगितलं तेव्हा त्या आधी घाबरल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी मला कळवून करा. बरोबर आहे त्यांचं. सगळं गेलं असंही नाही. कागद फडफडला की सुनंदाचे हात अजून थांबतात. न्हाणीत दार उघडं ठेवते. गौरीच्या डोक्यावर पहिलं पाणी तिनं मागच्या वर्षी पाडव्याला घातलं, अर्धा तांब्या, आणि आम्ही सगळे नाही बघितल्यासारखं करत अंगणात उभे होतो. भेटायला येणारे अजूनही कधीतरी विचारतात, कसं झालं होतं हो ते? सुनंदाच्या मनात असलं तर ती सांगते. नसलं तर मी एवढंच सांगते: तिनं ओ दिली होती, मला ऐकू गेली नाही.

आज अंगणवाडीतून आले तेव्हा चार वाजायला आले होते. आलं जरा जास्तच घातलं, तिला आवडतं तसं. मागच्या दारात जाऊन हाक मारली, "सुनंदे, चहा झालाय." खालच्या तुकड्यातून लगेच ओ आली. मग आणखी एकदा आली, मोठ्यानं, मला नीट ऐकू जावी म्हणून. बशी काढून ठेवली होती झाकायला. ती तिथंच ठेवली, दोन्ही कप उचलले आणि बांधावरून तिच्याकडं निघाले.